दुसऱ्या माणसाचा रकाना

कचेरीत तिला सगळे यादीबाई म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि साहेबही फोनवरून "जरा यादीबाईंना पाठवा" म्हणाले तेव्हा तिने रागावणं सोडून दिलं. खरं सांगायचं तर ते नाव तिला आवडलं होतं. पण आवडलं असं कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

यादी कसली ते आधी सांगायला हवं, कारण तिच्या सख्ख्या भावालाही ते कधी नीट कळलं नाही. आमची ताई इंटरनेटच्या दुकानात आहे, असं तो चारचौघांत सांगायचा. दुकान कसलं? आपण फोनवर एखाद्या वेबसाइटचं नाव टाइप करतो, पण यंत्राला नावं कळत नाहीत, त्याला आकडे लागतात. कुठलं नाव कोणाचं आणि ते कुठल्या आकड्यावर राहतं, हे कुणीतरी एका जागी लिहून ठेवावं लागतं. अशी एकेका देशाची एकेक यादी असते आणि ती सांभाळणारी एकेक कचेरी असते. यादीतून नाव निघालं की वेबसाइट असते तिथेच असते, फक्त तिथवर कुणाला पोचता येत नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी ही सगळी यादी एका लांबड्या, कापडी पुठ्ठ्याच्या वहीत मावायची. विद्यापीठातले एक प्राध्यापक ती हौसेने सांभाळत होते आणि यादीबाई त्यांच्या खात्यात टायपिस्ट होती. प्राध्यापकांचं अक्षर इतकं भयंकर, की त्यांनी लिहिलेलं नाव त्यांनाच वाचता येईना. एक दिवस त्यांनी वही तिच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, की यापुढे हे तुम्ही बघा. बरोबर तीन नियमही दिले. जो आधी आला, नाव त्याचं. यादीत ज्याचं नाव, शब्द त्याचाच. आणि यादीला नातेवाईक नसतात.

हे तिसरं वाक्य तिने जन्मभर जपलं. सख्ख्या भावालाही त्यातून सुटका मिळाली नाही. त्याचं लाकडी सामानाचं दुकान. दुकानाच्या नावाचं डोमेन, म्हणजे यादीतलं नाव, घ्यायला तो बहिणीकडे आला, तर दुसऱ्याच कुठल्या सुताराने ते दोन दिवस आधी घेतलेलं. भाऊ म्हणाला, दोनच दिवसांचं तर अंतर आहे, तारीख जरा इकडची तिकडे कर. तिने त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, नाव दिलं नाही. पुढची दोन वर्षं तो सगळ्यांना सांगत फिरला, की मला बहीण नाही, माझ्या घरात सरकार जन्माला आलंय. लग्न तिने केलं नव्हतं, आईवडील जाऊन वर्षं झाली होती, म्हणजे रुसायला तेवढाच एक भाऊ होता आणि तोही रुसून बसला. तरी तिने तारीख हलवली नाही.

पुढे प्राध्यापक गेले, वही जाऊन कॉम्प्युटर आला, विद्यापीठाची ती एक खोली जाऊन तीन मजल्यांची कचेरी झाली. लोकांना नावं थेट देणं बंद झालं. ते काम विक्री करणाऱ्या कंपन्यांकडे गेलं, आणि कचेरीकडे मूळ यादी, तंटे आणि नियम उरले. नियम ठरवायला समिती आली, समितीला वकील आला, वकिलाला पाण्याची वेगळी बाटली आली. यादीबाई तक्रारींच्या टेबलावर बसू लागली. ती नाकावर माशी बसू देत नाही, अशी ख्याती होती. आणि आणखी एक ख्याती होती, की सव्वीस वर्षांत तिच्या हातून एकही नोंद चुकली नाही. तीन महिन्यांनी ती निवृत्त होणार होती आणि निरोपाच्या भाषणात हेच वाक्य पहिलं घ्यायचं, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं. तिने ते एकदा त्यांच्या टेबलावरच्या कागदावर उलट्या बाजूने वाचलं होतं.

अशा वेळी एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला मेट्रनबाई आल्या.

त्या एका मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. खुर्चीत अशा बसल्या, की वॉर्डात कुणी चादर नीट घातली नाही ते आता सापडणारच. त्यांचा धाकटा भाऊ औषधाच्या दुकानात कंपाउंडर होता. फार वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांदेखत एक बाळंतीण रक्ताअभावी गेली. तिचा रक्तगट दुर्मीळ होता, आणि त्याच गटाचा माणूस दोन गल्ल्या सोडून राहत होता, हे महिन्याने कळलं. ते त्या बाबाच्या जिवाला लागलं. त्याने अशा दुर्मीळ गटांच्या माणसांची नोंद करायला सुरुवात केली, मग तिची वेबसाइट केली. दवाखान्यातून कुणीही बघावं, कुठला गट जवळपास कुणाकडे आहे ते कळावं, आणि वेबसाइटने त्या माणसाला निरोप धाडावा. त्याने खिशात मावतील अशी अकरा हजार कार्डं छापून वाटली. कार्डावर माणसाचा गट आणि खाली ठळक अक्षरात वेबसाइटचं नाव. एका पठ्ठ्याने तर ते नाव घड्याळाच्या पाठीवर कोरून घेतलं होतं.

सहा महिन्यांपूर्वी कंपाउंडर झोपेतच गेला. वेबसाइट आपली चालू होती. आणि मग नावाची मुदत संपली.

मुदत संपण्याआधी आठवणीच्या ईमेल आल्या होत्या, पण त्या त्याच्या पत्त्यावर. परवलीचा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. मेट्रनबाईंनी कपाट उपसलं, पुस्तकं झाडली, शेवटी औषधांच्या जुन्या डायरीत तो शब्द सापडला. पण त्याचा ईमेलचा पत्ता त्याच नावावर होता. मुदत संपली तसं नाव बंद झालं आणि नावाबरोबर टपालही बंद झालं. म्हणजे कुलपाची किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावं, तसं झालं होतं. विक्री करणारी कंपनी म्हणत होती, नोंदवलेल्या पत्त्यावरून ईमेल करा, लगेच नाव चालू करतो, नाहीतर कचेरीकडे जा. कचेरीतला माणूस फोनवर म्हणाला होता, कंपनीकडे जा. दोन घरचा पाहुणा उपाशी, त्यातली गत. कोर्टातून वारसाचा दाखला आणला असता तर दोघांचीही तोंडं बंद झाली असती, पण त्याला चार महिने लागणार होते.

आणि हातात उरले होते नऊ दिवस. मुदत संपलेलं नाव काही आठवडे राखून ठेवतात. मग ते यादीतून पुसलं जातं, आणि पुसलं गेलं की जो पहिला हात घालील त्याचं. हा पहिला हात आता माणसाचा नसतो. अशा नावांवर टपून बसणारी मंडळी यंत्रं लावून ठेवतात आणि सेकंदाच्या आत नाव उचलतात. अकरा हजार कार्डांवर छापलेलं, इस्पितळांच्या भिंतींवर रंगवलेलं नाव म्हणजे त्यांना आयतं घबाडच. तिथे जुगाराचं दुकान लागायला एक दिवस पुरला असता.

यादीबाईने सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवली आणि सांगितलं, की नियम असा आहे, यादीत ज्याचं नाव त्याचाच शब्द चालतो. आज तुम्हाला बहीण म्हणून दिलं, तर उद्या कुणीही कुणाचा भाऊ होऊन येईल.

मेट्रनबाई चिडल्या नाहीत. नियम काय असतो हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी पर्समधून एक कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"आज सकाळी एका इस्पितळातून फोन आला होता," त्या म्हणाल्या. "कार्डावरचं उघडत नाही म्हणून. मी भावाच्या वहीत बघून माणूस शोधून दिला, पाऊण तास लागला. पेशंट वाचला. दर वेळी पाऊण तास मिळेलच असं नाही, एवढंच मला सांगायचं होतं."

त्या गेल्या. यादीबाईने कार्ड उचललं आणि खणात ठेवलं. पाच मिनिटांनी पुन्हा काढून बघितलं. मग तिला स्वतःचाच राग आला, कारण दयेने विरघळणाऱ्या माणसांबद्दल तिचं मत काही चांगलं नव्हतं. नियम बरोबर होता हे एकदा कागदावर बघावं म्हणजे डोक्यातून जाईल, असं म्हणून ती तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात गेली. नाव बावीस वर्षांपूर्वीचं होतं, म्हणजे वहीच्या काळातलं.

कंपाउंडरचा मूळ अर्ज सापडला. निळ्या शाईत, सुवाच्य. संपर्काच्या रकान्यात त्याने आपल्या बहिणीचं नाव, तिचा घरचा पत्ता आणि तिच्या वॉर्डाचा फोन लिहिला होता. आणि त्यावर पट्टी धरून, सरळ, एक लाल रेघ मारलेली होती. रेघेच्या वर लाल शाईत एक ईमेल पत्ता होता, त्याच्याच नव्या नावावरचा.

लाल शाई तिची होती. अक्षरही तिचं होतं.

तिला सगळं लख्ख आठवलं. त्या काळात लोक त्या रकान्यात काय वाटेल ते लिहायचे. मावशीचा पत्ता, कोपऱ्यावरच्या दुकानाचा फोन, एकाने तर "संध्याकाळी घरीच असतो" असं लिहिलं होतं. रकाना ईमेलचा, आणि तिला रकाना म्हणजे रकाना. ती ते सगळं खोडायची आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या नावावरचा नवा कोरा पत्ता घालून द्यायची. माणसाचं स्वतःचं घर झालंय, मग पत्ता दुसऱ्याचा कशाला, असं तिला वाटायचं. तिला त्याचा अभिमान होता. पुढे यादी कंपन्यांकडे गेली ती जशीच्या तशी गेली, तिने लिहिलेल्या पत्त्यांसकट. त्या भल्या माणसाने आपल्या पाठीमागे कुणाला विचारायचं ते बावीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. तिने ते पट्टी धरून खोडलं होतं.

दप्तरखान्यातल्या स्टुलावर ती बराच वेळ बसून राहिली. तिला लाज वाटली. अंगात ताप चढावा तशी लाज चढली. मग, खोटं कशाला बोला, तिच्या मनात हेही आलं, की हा कागद आजवर कुणी बघितलेला नाही. गठ्ठा होता तिथे ठेवला तर कुणी बघणारही नाही. तीन महिने राहिलेत. भाषणाचं पहिलं वाक्य तयार आहे. नियमाप्रमाणे तिने नाही म्हटलं होतं आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं.

पण मग तिने पुढचा अर्ज उघडला. त्यावरही लाल रेघ होती. त्याच्या पुढच्यावरही. आता तिला उठवेना. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती डबाही खाली घेऊन गेली आणि मोजत बसली.

दोन दिवसांनी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी अर्ज बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. समितीची बैठक अजून तीन आठवड्यांवर होती. तातडीची बैठक बोलावता येत होती, पण नाव गोठवायला नियमावलीत एकच कारण चालत होतं, आणि ते म्हणजे कचेरीची स्वतःची चूक. साहेबांना तिची कळकळ होती. त्यांनी सुचवलं, की जुन्या पद्धतीतला दोष असं मोघम लिहू, कुणाचं नाव घ्यायला नको. ती म्हणाली, पद्धतीने रेघ मारलेली नाही. आणि अर्जात लिहिलं, की ही नोंद माझ्या हातून चुकली.

बैठक सातव्या दिवशी झाली, म्हणजे नाव पुसायला दोन दिवस असताना. लांब टेबल, पाच माणसं, आणि वकिलाची ती बाटली. कंपन्यांच्या वतीने एक प्रतिनिधी होता. माणूस तोंडाने तिखट, पण बोलला त्यात खोट नव्हती. तो म्हणाला, उद्या दारात रांग लागेल, प्रत्येकाकडे एक मेलेला भाऊ असेल आणि एक रडकी गोष्ट. गोष्टी ऐकून नावं वाटायची असतील तर यादी कशाला ठेवायची?

"तुमचं बरोबर आहे," यादीबाई म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, आणि मागच्या आठवड्यात बोललेही. गोष्ट ऐकू नका. फक्त हा कागद बघा. मालकाने स्वतः, शुद्धीवर असताना, लिहून दिलंय की बहिणीला विचारा. यादीत ज्याचं नाव, शब्द त्याचा. त्याचा शब्द हा आहे. तो मी खोडला."

अर्ज हातोहात फिरला. वकिलाने तो उजेडाकडे धरला. प्रतिनिधीने लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग त्याने तो प्रश्न विचारला जो तो विचारणार हे तिला माहीत होतं, की असे अजून किती आहेत?

तिच्याकडे आकडा तयार होता. चारशे बारा अर्जांवर तिची रेघ होती. त्यातली दोनशे त्रेसष्ट नावं अजून यादीत होती, आणि तो पत्ता बऱ्याच जणांनी आजतागायत बदललेला नव्हता.

साहेब टेबलाकडे बघत होते. मग तोच तिखट प्रतिनिधी खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, की इतक्या वर्षांत या टेबलावर पहिल्यांदा कुणी स्वतःची चूक मोजून आणलीय, नाहीतर आम्ही ती उकरायला वकील लावतो. वकील कसनुसा हसला. प्रतिनिधीने पहिला हात वर केला.

नाव त्याच दुपारी गोठलं आणि दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंच्या नावे चालू झालं. नाव उचलायला टपलेली यंत्रं ठरल्या वेळी आली असतील आणि हात हलवत परत गेली असतील. यादीबाईने स्वतःच्या फोनवर ती वेबसाइट उघडून बघितली. बटबटीत लाल रंग आणि जुनाट अक्षरं. इतकी कुरूप वेबसाइट बघून इतका आनंद तिला कधीच झाला नव्हता.

समितीने आणखी एक ठराव केला. नोंदणीच्या अर्जात एक नवा रकाना आला, दुसऱ्या माणसाचा. तुम्ही सापडला नाहीत तर कुणाला विचारायचं, त्याचं नाव आणि फोन. प्रतिनिधीच्या हट्टामुळे त्यात "नातं" असाही एक चौकोन आला. यादीबाईला तो खटकला, पण आता तिची आक्षेप घ्यायची तयारी नव्हती. कचेरीतल्या कुणाचं नाव तिथे घालायचं नाही, एवढी अट मात्र तिने लिहून घेतली.

उरलेले तीन महिने तिने दोनशे त्रेसष्ट फोन केले. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं. निम्म्या लोकांनी पहिल्यांदा आम्हाला काही घ्यायचं नाही म्हणून फोन ठेवला, त्यांना तिने पुन्हा लावला. एकाने तिला चोर ठरवून तासभर झापलं आणि मग, खात्री पटल्यावर, तासभर स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. सुरुवातीला ती सरळ विचारायची, की तुमच्या पश्चात कोण? समोरची माणसं फोन ठेवू बघायची. एका म्हाताऱ्याने तर बाई, एवढी काय घाई आहे, असं विचारलं. मग तिने प्रश्न बदलला. तुम्ही फोन उचलला नाहीत तर कुणाला करू? याला सगळे चटकन उत्तर द्यायचे. सुनेला करा. शेजारच्या मास्तरांना करा. एकीने घटस्फोट झालेल्या नवऱ्याचं नाव दिलं आणि म्हणाली, बाकी काही असो, फोन तो उचलतोच. यादीबाई लिहून घ्यायची आणि वाचून दाखवायची. माणसांची एवढी नाती तिने आयुष्यात कधी ऐकली नव्हती. त्या दिवसांत एका संध्याकाळी ती भावाकडेही जाऊन आली. जुनं कुणीच काढलं नाही, भावाने नवीन खुर्ची दाखवली आणि तिने ती डुगडुगते म्हणून सांगितलं.

शेवटच्या दिवशी निरोपाचा समारंभ दुपारी झाला. साहेबांनी भाषणातलं ते पहिलं वाक्य काढून टाकलं होतं. त्याच्या जागी ते म्हणाले, की या बाईंच्या हातून एक चूक झाली आणि ती त्यांनीच शोधून काढली, तेव्हापासून आमच्या अर्जात एक रकाना वाढला. टाळ्या झाल्या. तिला एक छत्री आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

साडेचारला टेबल आवरताना तिने यादी तपासली. दोनशे बासष्ट झाले होते. राहिल्या होत्या मेट्रनबाई, कारण त्यांचा रकाना भरल्यासारखा वाटत होता. पण आता मालक त्याच होत्या आणि दुसऱ्या माणसाची जागा रिकामी होती. तिने फोन लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.



"एकच होता, तो गेला," मेट्रनबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमचं नाव घाला."

"कचेरीतल्या माणसाचं चालत नाही. अट आहे."

"कुणाची?"

"माझीच."

"तुम्ही कचेरीत कधीपर्यंत आहात?"

"साडेपाचपर्यंत."

"बरं," मेट्रनबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीबाई घरीच होती. कुठे जायचं नव्हतं आणि तरी सहालाच जाग आली होती. घड्याळ लावायला भिंतीत खिळा ठोकून झाला होता, तोही वाकडा गेला होता. पावणेअकराला फोन वाजला. कचेरीतून तिच्या टेबलावर आलेली नवी मुलगी होती. आवाज जरा घाबरलेला, पण यादीबाईने शिकवलं होतं तसं तिने सगळं क्रमाने विचारलं. तुमचं नाव दुसरा माणूस म्हणून आलंय, तुमची संमती आहे का? फोन हाच का? पत्ता वाचून दाखवू का? यादीबाईने पिन कोडचा एक आकडा दुरुस्त करून दिला.

"आणि नात्याच्या चौकोनात त्यांनी 'बहीण' सांगितलंय," मुलगी म्हणाली. "मी तसं लिहिलं, पण मला वाटलं एकदा विचारून घ्यावं. चुकलंय का? खोडू?"

यादीबाईच्या हातात अजून हातोडी होती. ती तिने खाली ठेवली.

"नको," ती म्हणाली. "बरोबर आहे. तसंच राहू दे."